धर्मगुरूंचे उत्तरदायित्व : शास्त्र आणि इतिहास यांच्या प्रकाशात

धर्माची धुरा ज्यांच्या खांद्यावर असते, त्यांच्याच हातून धर्माची हानी झाली तर त्यांना जाब कोणी विचारावयाचा, हा प्रश्न जगातील प्रत्येक धर्मपरंपरेपुढे कधी ना कधी उभा राहिलेला आहे. राजा चुकला तर धर्मगुरू त्यास सावध करतो, प्रजा चुकली तर राजा शासन करतो. परंतु धर्मगुरूच चुकला तर काय? ज्याच्यापुढे सर्वांनी मस्तक नमवावयाचे, त्याच्यापुढे प्रश्न मांडण्यासाठी मस्तक वर कोणी करावे?

यहुदी आणि ख्रिस्ती धर्मग्रंथांनी या प्रश्नाचे उत्तर ईश्वराच्या न्यायात शोधले. एली नावाच्या वृद्ध याजकाचे पुत्र यज्ञबलीतील भाग बळाने हिरावून घेत. बापाने त्यांना बोल लावला, पण आवरले नाही, म्हणून ईश्वराने त्या संपूर्ण घराण्यास दोषी ठरविले, अशी कथा तेथे आली आहे. कळप सोडून स्वतःचेच पोट भरणाऱ्या मेंढपाळांचे रूपक घेऊन प्रेषित यहेज्केलाने आपल्या काळच्या नेत्यांवर कोरडे ओढले आणि त्यांचा हिशेब ईश्वर स्वतः घेईल, असा इशारा दिला. महाराष्ट्रातील वारकरी संतांनीही दांभिक साधूंवर व भोंदू गुरूंवर कठोर प्रहार केले, हे मराठी वाचकास सांगावयास नको.

जैन दर्शनाची भूमिका मात्र मुळातच निराळी आहे. जैन दर्शन सृष्टिकर्ता ईश्वर मानीत नाही, म्हणून सिंहासनावर बसून निवाडा करणारा न्यायाधीशही मानीत नाही. तीर्थंकर हे वीतराग आहेत. ते कोणावर रुष्ट होत नाहीत, कोणावर तुष्ट होत नाहीत. शाप देत नाहीत आणि क्षमेचा दाखलाही देत नाहीत. मग भ्रष्ट झालेल्या धर्मनेत्याला न्याय कोठे होतो? जैन शास्त्रपरंपरेचे परिशीलन केले असता या प्रश्नाची तीन उत्तरे आढळतात. पहिला न्याय कर्माचा, दुसरा संघाचा आणि तिसरा श्रावकाच्या विवेकाचा. पहिले दोन बहुतेकांना ठाऊक आहेत; तिसऱ्याचा मात्र समाजास वारंवार विसर पडतो.

कर्माचा न्याय

आचार्य कुंदकुंदांच्या भावपाहुडात मुनिवेष धारण करूनही पतन पावलेल्यांची उदाहरणे एकापाठोपाठ एक दिली आहेत. बाहू नामक मुनींनी अंतरीच्या क्रोधाने दंडक राजाचे नगर जाळले आणि जिनलिंग धारण केलेले असतानाही ते रौरव नरकात पडले. द्वीपायन मुनींच्या कोपाने द्वारका भस्म झाली आणि त्यांचा संसार अनंत झाला. अकरा अंगांचे अध्ययन केलेले अभव्यसेन भावश्रमणत्वास पोचले नाहीत; उलट अल्पश्रुत शिवभूती केवळ भावविशुद्धीच्या बळावर केवलज्ञानास पोचले. या उदाहरणांत कोठेही दंड देणारा कोणी नाही. पिंछी आणि कमंडलू हे कर्माच्या दरबारात सवलतपत्र ठरत नाहीत, एवढेच आचार्यांना सांगावयाचे आहे.

श्वेतांबर आगमांतील जमालीची कथा याच जातीची आहे. जमाली हा भगवान महावीरांचा जामात. पाचशे जणांसह दीक्षित झालेला राजपुत्र. पुढे त्याने भगवंतांच्या वचनाशी विरोध केला, स्वतःस केवली म्हणवून घेतले आणि आलोचना न करताच देह ठेवला. भगवती सूत्राप्रमाणे तो किल्बिषिक देवांत उत्पन्न झाला. किल्बिषिक म्हणजे देवलोकातीलही हीन, सभेबाहेर राहणारे देव. तपाचे फळ मिळाले, म्हणून देवगती. परंतु गुरूंचा व संघाचा अवर्णवाद केला, म्हणून तेथेही अप्रतिष्ठा. दोन्ही हिशेब स्वतंत्रपणे चुकते झाले. जमालीला भगवंतांनी शाप दिला नाही; गौतम स्वामींनी विचारले तेव्हा घडलेली गती तेवढी सांगितली.

महानिशीथ सूत्रात आलेली सावद्याचार्यांची कथा तर प्रत्येक धर्मनेत्याने ध्यानी ठेवावी अशी आहे. चैत्यवासी साधूंनी या आचार्यांना चातुर्मास करण्याचा आग्रह केला. त्यांच्या प्रभावाने पुष्कळ जिनालये उभी राहतील, असे आमिष दाखविले. आचार्यांनी ते सावद्य, म्हणजे सदोष कार्य म्हणून नाकारले. या निर्भयतेमुळे त्यांना तीर्थंकर नामकर्माचा बंध पडला. पण चैत्यवासींनी रागाने त्यांचे नाव 'सावद्याचार्य' पाडले. पुढे एकदा वंदन करताना एका साध्वीचे मस्तक त्यांच्या पायांस लागले. नंतर स्त्रीस्पर्शाचा निषेध करणारे सूत्र सभेत समजावून सांगण्याची वेळ आली, तेव्हा लोक मागची गोष्ट काढून हसतील, या भयाने त्यांनी उत्सर्ग आणि अपवाद यांची ढाल पुढे केली. तेवढ्याने त्यांचा संसार अनंत झाला. त्यांचा अपराध अनवधानाने घडलेल्या स्पर्शाचा नव्हता. आपली अब्रू वाचविण्यासाठी शास्त्राचा अर्थ वाकविण्याचा होता.

कोणाला वंदन करू नये

कर्माचा न्याय अटळ असला, तरी तो डोळ्यांना दिसत नाही. म्हणून शास्त्रकारांनी भ्रष्ट साधू ओळखण्याची लक्षणेही स्पष्ट शब्दांत नोंदविली. मूलाचारात पार्श्वस्थ, कुशील, संसक्त, अवसन्न आणि मृगचारित्र असे पाच प्रकार सांगून त्यांना अवंद्य ठरविले आहे. संयमींच्या जवळ राहूनही वसतिकेत आसक्त झालेला तो पार्श्वस्थ. कषायांनी मलिन व व्रतांत शिथिल तो कुशील. वैद्यक, मंत्र वा ज्योतिष यांवर निर्वाह करणारा, राजसेवेत रमणारा तो संसक्त. जिनवचन न जाणणारा व आचारात ढिला तो अवसन्न. आणि गुरुकुल सोडून हरिणाप्रमाणे एकटाच स्वच्छंद भटकणारा तो मृगचारित्र.

उत्तराध्ययन सूत्राचे सतरावे अध्ययन 'पापश्रमणीय' या नावाचेच आहे. यथेच्छ खाऊन सुखाने झोपणारा, ज्या गुरूंनी शिकविले त्यांचीच निंदा करणारा, कलह उकरून काढणारा साधू हा पापश्रमण होय, असे तेथे सांगितले आहे. विसाव्या अध्ययनात अनाथी मुनी श्रेणिक राजाला सांगतात की, दीक्षा घेऊनही काही जण अनाथच राहतात. त्यांची उपमा रिकाम्या मुठीला, खोट्या नाण्याला आणि वैडूर्यासारख्या चमकणाऱ्या काचेला दिली आहे. राजगृहीच्या सम्राटासमोर एका मुनीने स्वतःच्याच वर्गाचे दोष इतक्या मोकळेपणी सांगावेत आणि आगमाने ते जतन करावेत, ही गोष्ट जैन परंपरेच्या प्रामाणिकपणाची साक्ष देते.

संघाचा न्याय

दुसरा न्याय संघाचा. त्याचे साधन प्रायश्चित्त. तत्त्वार्थसूत्राने आलोचनेपासून उपस्थापनेपर्यंत प्रायश्चित्ताचे नऊ भेद सांगितले आहेत. त्यांतील छेद म्हणजे दीक्षेच्या ज्येष्ठतेत कपात; परिहार म्हणजे काही काळ संघापासून दूर ठेवणे; उपस्थापना म्हणजे जुनी दीक्षा रद्द समजून नव्याने दीक्षा देणे. आजच्या भाषेत सांगावयाचे तर पदावनती, निलंबन आणि पुनर्नियुक्ती यांची ही प्राचीन व्यवस्था होय. मात्र तिचा हेतू सूड नसून शुद्धी हा आहे.

या व्यवस्थेची दोन वैशिष्ट्ये विशेष लक्षणीय आहेत. पहिले असे की, आचार्य तिच्या बाहेर नाहीत. भगवती आराधनेत म्हटले आहे की, निष्णात वैद्यही स्वतः आजारी पडला की दुसऱ्या वैद्याकडे आपला रोग सांगतो. त्याप्रमाणे छत्तीस गुणांनी युक्त आचार्यांनीही दुसऱ्याच्या साक्षीने आलोचना करावयाची असते. त्याच ग्रंथात आलोचनेचे दहा दोष सांगितले आहेत. गुरूंची मर्जी संपादून सौम्य प्रायश्चित्त मिळविणे, इतरांनी पाहिलेला तेवढाच दोष कबूल करणे, गोंगाटात ऐकू जाणार नाही अशा रीतीने दोष सांगणे, हे त्यांपैकी काही. दहावा दोष 'तत्सेवी' या नावाचा : ज्या गुरूच्या ठायी तोच दोष आहे, त्याच्यापुढे जाऊन आपला दोष सांगणे. दोषी व्यक्तीने आपल्यासारखाच दोषी न्यायकर्ता निवडावा आणि दोघांनी एकमेकांस सांभाळून घ्यावे, ही मनुष्यस्वभावाची खोच आचार्यांनी किती पूर्वी ओळखली होती!

दुसरे वैशिष्ट्य असे की, पद जितके उंच तितके प्रायश्चित्त कठोर. श्वेतांबर छेदसूत्रांच्या परंपरेत पारांचिक हे सर्वांत कठोर प्रायश्चित्त आचार्यांसाठी सांगितले आहे. सामान्य साधूंना ती पायरी नाही. सिद्धसेन दिवाकरांसारख्या प्रकांड पंडिताने आगम संस्कृतात आणण्याचा विचार बोलून दाखविताच संघाने त्यांना बारा वर्षांचे पारांचिक प्रायश्चित्त दिले, अशी प्रबंधांतील प्रसिद्ध कथा आहे. ती शिक्षा योग्य होती की नव्हती, यावर मतभेद होऊ शकतो. परंतु विद्वत्तेमुळे आचार्य संघाहून मोठा होत नाही, हा तिचा आशय निर्विवाद आहे.

उपासकदशांग सूत्रातील प्रसंग याहूनही बोलका आहे. आनंद श्रावकास अवधिज्ञान झाले. गृहस्थास इतके विशाल अवधिज्ञान होणे शक्य नाही, असे म्हणून गौतम गणधरांनी त्यास आलोचना करण्यास सांगितले. आनंदाने नम्रपणे विचारले की, आलोचना सत्य बोलणाऱ्याने करावयाची असते काय? गौतम भगवंतांकडे गेले. भगवंतांनी आनंदाचे म्हणणे खरे ठरविले आणि गौतमांना क्षमा मागण्यास सांगितले. प्रमुख गणधर एका गृहस्थाच्या दारी परत गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. त्यामुळे गौतमांची प्रतिष्ठा उणावली नाही. उलट आजही त्यांचे नाव मंगल म्हणून घेतले जाते.

श्रावकाचा विवेक

येथेच तिसऱ्या न्यायाचा आरंभ होतो. दर्शनपाहुडात आचार्य कुंदकुंदांनी भ्रष्टांविषयी बोलून झाल्यावर आपली दृष्टी वंदन करणाऱ्यांकडे वळविली आहे. समोरचा सम्यग्दर्शनापासून भ्रष्ट आहे, हे जाणूनही जे लज्जेने, गारवाने किंवा भयाने त्याच्या पाया पडतात, ते पापास अनुमोदन देतात. त्यांनाही बोधिलाभ नाही, असा त्यांचा निर्णय आहे.

लज्जा, गारव आणि भय या तीन शब्दांत समाजाच्या मौनाची सारी कारणे आली आहेत. लज्जा म्हणजे चारचौघांत वेगळे दिसण्याचा संकोच. सर्व जण वाकले, आपण एकटे कसे उभे राहावे? गारव म्हणजे मोठेपणाची हाव. गुरूंच्या शेजारी आसन मिळते, नावाची शिला बसते, पत्रिकेत नाव छापले जाते. भय म्हणजे शापाचे, बहिष्काराचे, व्यवहार बिघडण्याचे भय. या तिघांपैकी एकही भक्ती नव्हे. कृत, कारित आणि अनुमोदना या तिन्ही द्वारांनी कर्मबंध होतो, हे जैन सिद्धांताचे मूळ सूत्र येथे श्रावकालाच लागू केले आहे. भ्रष्ट नेत्याचा हिशेब त्याच्याच नावावर राहतो, हे खरे. पण जाणून वाकणाऱ्याच्या खात्यावरही एक नोंद होते.

आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात याच दोषाला पाखंडिमूढता म्हटले आहे. परिग्रह, आरंभ व हिंसा यांत गुरफटलेल्या वेषधारींचा सत्कार करणे ही तीन मूढतांपैकी एक होय. मोहरहित गृहस्थ हा मोहग्रस्त मुनीपेक्षा श्रेष्ठ, असेही त्यांनी निःसंदिग्धपणे प्रतिपादिले. अमूढदृष्टी अंगाचे उदाहरण म्हणून रेवती राणीची कथा दिली जाते. क्षुल्लकाने विद्येच्या बळावर प्रथम ब्रह्मा, विष्णू, महेश यांची आणि शेवटी तीर्थंकराची रूपे घेतली. सारे मथुरा नगर दर्शनास लोटले, अकरा अंगांचे जाणते भव्यसेनही गेले. तीर्थंकर चोवीसच असतात, ते होऊन गेले आहेत, एवढेच म्हणून रेवती घरी राहिली. तिने वाद केला नाही, निंदा केली नाही. ती फक्त वंदनास गेली नाही.

उपगूहनाची मर्यादा

या ठिकाणी एक रास्त शंका उपस्थित होते. सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन हेही एक अंग आहे. धर्मात्म्याचे दोष झाकावेत, असे ते सांगते. मग धर्मगुरूंचे दोष बोलणे हा अधर्म नव्हे काय?

याचे उत्तर उपगूहनाच्या कथेतच आहे. ताम्रलिप्त नगरीच्या जिनेंद्रभक्त श्रेष्ठींच्या चैत्यालयात भगवान पार्श्वनाथांच्या छत्रावर अमूल्य वैडूर्य रत्न होते. सूर्य नावाचा चोर क्षुल्लकाचा वेष घेऊन आला, तपाचा देखावा करून त्याने श्रेष्ठींचा विश्वास मिळविला आणि रात्री रत्न घेऊन निघाला. रक्षकांनी त्यास पकडले, तेव्हा जिनशासनाची अपकीर्ती होऊ नये म्हणून श्रेष्ठी म्हणाले, 'रत्न माझ्याच सांगण्यावरून त्यांनी आणले आहे.' कथा बहुधा येथेच थांबविली जाते. परंतु पुढे असे आहे की, श्रेष्ठींनी रत्न परत घेतले, चोरास खडसावले आणि रात्रीच तेथून घालवून दिले. झाकले ते शासनाचे नाव. चोराला पुन्हा चैत्यालयाचा रक्षक नेमले नाही.

उपगूहन म्हणजे अजाणतेपणी घसरलेल्या साधर्मीचा बोभाटा न करणे. त्याच्या लगेच नंतरचे अंग स्थितिकरण आहे, हा क्रमही अर्थपूर्ण आहे. वारिषेण मुनींनी मनाने चळलेल्या आपल्या मित्रास युक्तीने पुन्हा संयमात स्थिर केले. त्याची फजिती केली नाही आणि त्यास तसेच सोडूनही दिले नाही. ज्या झाकण्यामागे सुधारणा नाही, ते उपगूहन नव्हे. आणि ज्या दोषामुळे दुसऱ्या कोणा निरपराध जीवाला, विशेषतः दुर्बलास, पीडा झाली आहे, तेथे तर उपगूहनाचे नाव घेणे हा अहिंसेचाच अपमान होय. व्रतभंगाचे प्रायश्चित्त संघ देईल; परपीडेच्या अपराधाचा विचार देशाच्या कायद्यापुढेच झाला पाहिजे.

इतिहासाची साक्ष

शास्त्राने दिलेला हा विवेक समाजाने वेळोवेळी वापरला, याची साक्ष इतिहासात मिळते. मंदिरांत कायम वास्तव्य करून देवद्रव्यावर निर्वाह करणाऱ्या चैत्यवासी साधूंवर हरिभद्रसूरींच्या नावे असलेल्या संबोधप्रकरणात कठोर टीका आहे. अकराव्या शतकात अणहिलपाटण येथे दुर्लभराजाच्या सभेत जिनेश्वरसूरींनी चैत्यवासींशी वाद केला, असे खरतर परंपरा सांगते. चैत्यवासी गुरूंचा त्याग करून अभयदेवसूरींकडे आलेल्या जिनवल्लभसूरींनी पुढे संघपट्टक लिहून त्या आचारावर प्रहार केला. तेराव्या शतकात पंडित आशाधरांनी अनगारधर्मामृताच्या टीकेत, भ्रष्टचारित्र पंडित आणि मूढ तपोधन यांनी निर्मळ जिनशासन मलिन केल्याची वेदना नोंदविली.

पंधराव्या शतकात अहमदाबादेत लोंकाशाह यांनी आगमांच्या प्रती वाचल्या आणि शास्त्रातील साधू व समोरचे यती यांतील अंतर पाहून प्रश्न विचारले. सतराव्या शतकात आग्र्याचे कविवर बनारसीदास आणि अठराव्या शतकात जयपूरचे पंडित टोडरमल यांनी दिगंबर समाजात तेच केले. आशाधर, लोंकाशाह, बनारसीदास, टोडरमल यांच्या मार्गांत व मतांत पुष्कळ भेद आहेत. परंतु शास्त्र स्वतः वाचून जाब विचारणारे हे चौघेही वंदनीय आचार्यपदावरून नव्हे, तर श्रावकाच्या भूमिकेतून बोलले, हे विसरता येत नाही.

विदर्भातील भट्टारकपीठे

नरखेड तालुका नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाला, वर्धा नदीच्या काठी वसलेला आहे. पूर्वेकडे रामटेकचे शांतिनाथ मंदिर, सातपुड्याच्या कुशीत मुक्तागिरी आणि पश्चिमेकडे कारंजा (लाड) ही तीन क्षेत्रे या परिसरातील जैनांच्या श्रद्धेशी निगडित आहेत. त्यांपैकी कारंजा हे काही शतके विदर्भातील दिगंबर समाजाचे धर्मशासनकेंद्र होते. बलात्कारगण व सेनगण यांच्या भट्टारकांच्या गाद्या तेथे होत्या. काष्ठासंघाचेही मंदिर तेथे आहे.

भट्टारक संस्थेचा उगम संकटात झाला. सोळाव्या शतकातील श्रुतसागरसूरींनी दर्शनपाहुडाच्या टीकेत नोंदविले आहे की, परकीय सत्तेच्या काळात दिगंबर यतींना उपद्रव होऊ लागला, तेव्हा मंडपदुर्ग येथे वसंतकीर्ती स्वामींनी चर्येच्या वेळी शरीर आच्छादून नंतर ते आच्छादन सोडावे, असा अपवादवेष सांगितला. जे काही घटकांपुरते होते, ते पुढे नित्याचे झाले. वस्त्रांमागून मठ आला, मठामागून जमीन, पालखी, चामरे आणि शिक्के आले. अपवाद कधी परंपरा होतो, हे त्या त्या पिढीला कळत नाही. सावद्याचार्यांच्या कथेतील धोका तो हाच.

तथापि इतिहासाने न्याय करावयाचा तर दोन्ही पारडी पाहिली पाहिजेत. याच भट्टारकांनी मूर्तिप्रतिष्ठा केल्या, यात्रासंघ काढले, विखुरलेल्या श्रावकांना एकत्र ठेवले आणि मुख्य म्हणजे ग्रंथ राखले. डॉ. विद्याधर जोहरापूरकर यांनी 'भट्टारक संप्रदाय' या १९५८ साली सोलापूरहून प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नागपूरच्या मंदिरांतील मूर्तिलेखांसह अनेक साधनांच्या आधारे या पीठांचा इतिहास सिद्ध केला. त्यांच्या परंपरेतील गुणकीर्तींनी 'धर्मामृत' हा मराठी गद्यग्रंथ रचला. कारंज्याच्या शास्त्रभांडारांनी अपभ्रंश साहित्याचे दालनच उघडले. महाकवी पुष्पदंतांचे 'जसहरचरिउ' १९३१ साली डॉ. प. ल. वैद्य यांनी, तर 'णायकुमारचरिउ' १९३३ साली डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित केले.

यातील एक गोष्ट मननीय आहे. श्रुतसागर हे स्वतः सुरतच्या भट्टारक विद्यानंदींचे शिष्य होते. म्हणजे कुंदकुंदांच्या ज्या पाहुडांत शिथिलाचाराचा निषेध आहे, त्यांवर टीका भट्टारक परिवारातच लिहिली गेली, आणि आपल्या वेषाचा अपवादात्मक उगमही त्याच परिवाराने लपविला नाही. स्वतःविरुद्धचा पुरावा जतन करण्याचा हा प्रामाणिकपणा त्या संस्थेच्या जमेच्या बाजूस लिहिला पाहिजे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कारंज्याच्या गाद्या रिकाम्या झाल्या. कोणी त्या मोडल्या नाहीत. समाजाची श्रद्धा दुसरीकडे वळली. एकीकडे ब्रह्मचारी देवचंदजी, पुढील काळातील मुनी समंतभद्र, यांनी १९१८ साली कारंज्यात महावीर ब्रह्मचर्याश्रम स्थापन केला आणि शास्त्र श्रावकांच्या मुलांपर्यंत नेले. दुसरीकडे आचार्य शांतिसागर महाराजांनी निर्ग्रंथ मुनिचर्येला नवी प्रतिष्ठा दिली. त्यांच्या आरंभीच्या काळात दक्षिणेतील मुनी उपाध्यायाने आधी ठरवून ठेवलेल्या घरी आहारास जात. १९२० साली यरनाळ येथे मुनिदीक्षा घेतलेल्या शांतिसागर महाराजांनी ती सोय नाकारली आणि शास्त्रोक्त रीतीने, पूर्वसूचनेवाचून आहारचर्येस निघण्याचा आग्रह धरला. त्यांनी कोणावर टीकेचा भडिमार केला नाही. स्वतःचे आचरण शास्त्राशी जुळविले आणि तुलना लोकांवर सोडली. १९५५ साली कुंथलगिरी येथे त्यांनी सल्लेखनापूर्वक देह ठेवला, तेव्हा शिथिल आणि निर्मळ यांतील भेद समजण्यास समाजाला वेगळ्या निवाड्याची गरज उरली नव्हती.

विश्वस्तांचा हिशेब

धर्मनेते म्हणजे केवळ मुनी वा भट्टारक नव्हेत. ज्यांच्या हाती मंदिराची किल्ली आणि चोपडी आहे, ते विश्वस्तही धर्मनेतेच होत. आचार्य हरिभद्रांच्या उपदेशपदात संकाश श्रावकाची कथा आहे. चैत्यद्रव्याची व्यवस्था पाहता पाहता प्रमादाने त्याने ते स्वतःसाठी वापरले आणि अनेक भव दुःखात काढले. पुढे तगरा नगरीत जन्मून केवली भगवंतांकडून कारण कळल्यावर, अन्नवस्त्रापुरते ठेवून उरलेले सर्व द्रव्य जिनमंदिरास अर्पण करण्याचा नियम त्याने घेतला. संकाश दुष्ट नव्हता. हिशेबात ढिला होता. शास्त्राने त्याच्यासाठी प्रमाद हाच शब्द वापरला आहे.

आधुनिक काळात हेच तत्त्व मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० या कायद्याने नोंदणी, लेखे व तपासणी यांच्या रूपाने आणले. त्यास आव्हान देणाऱ्यांत एका जैन मंदिराचे व्यवस्थापक रतिलाल पानाचंद गांधी हे होते. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने हिशेबाचे नियमन योग्य ठरविले; परंतु धर्मादाय आयुक्तालाच विश्वस्त नेमण्याची व दात्याच्या हेतूबाहेर निधी वळविण्याची तरतूद मात्र अमान्य केली. धर्म धर्माच्या अनुयायांकडे राहावा आणि हिशेब उघडा असावा, हा त्या निर्णयाचा आशय जैन परंपरेस मुळीच परका नाही.

उपसंहार

जैन शास्त्रात अंतिम न्यायाचा दिवस नाही, कारण तेथे न्याय प्रत्येक क्षणी चालू आहे. कर्म धर्मनेत्याचा वेष पाहत नाही. संघ त्याला प्रायश्चित्ताने परत येण्याचा मार्ग खुला ठेवतो. उरतो तो श्रावक. त्याच्या हाती दंड नाही, निवाड्याचे आसन नाही. त्याच्या हाती केवळ त्याचे वंदन आहे. परंतु हे लहान साधन नव्हे. गुणांपुढे वाकलेले मस्तक साधूला साधुत्वात स्थिर करते. संकोचाने, हौसेने किंवा भीतीने वाकलेले मस्तक त्याच्या पतनात वाटेकरी होते.

पन्नास वर्षांच्या वाटचालीचा आढावा घेताना संस्था आपल्या इमारती, उत्सव आणि निधी यांची नोंद करते, ते योग्यच आहे. त्याच चोपडीच्या शेवटच्या पानावर आणखी एक नोंद असावी : या काळात समाज कोणापुढे वाकला आणि का वाकला. ती नोंद निर्मळ असेल, तर पुढील पन्नास वर्षांस दुसऱ्या कोणा न्यायाधीशाची आवश्यकता भासणार नाही.